सरनाईकांची शेवेल, काकूंचा चार्जर

सरनाईक काकूंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो साबुदाण्याची खिचडी घेऊन, आणि ती खिचडी मी त्यांच्या गाडीवर ठेवली.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आम्ही नेपरव्हिलहून डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या मेलबॉक्सवर ‘सरनाईक’ वाचून माझ्या बायकोला, मेघनाला, माहेर सापडल्यासारखं झालं. तिने अ‍ॅल्युमिनियमचा भलामोठा ट्रे भरून खिचडी केली, वर फॉइल लावलं आणि “मी आवरून येते, तू हो पुढे,” म्हणून मला पिटाळलं. माझे दोन्ही हात ट्रेखाली. बेल कशी वाजवणार? ड्राइव्ह-वेवर एक जुनी निळी गाडी उभी होती, दोन पांढरे पट्टे असलेली. बॉनेट रुंद, सपाट, पंगतीच्या टेबलासारखं. ठेवला ट्रे.

त्याच क्षणी गॅरेजचं दार वर गेलं. आत सत्तरीला टेकलेल्या एक बाई उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, सलवार-कमीज, त्यावर डेनिमचा एप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप.

“उचल,” त्या म्हणाल्या.

“नमस्कार काकू, आम्ही समोर…”

“ते नंतर. आधी उचल. सरकवू नकोस. सरळ वर.”

मी उचलला. बाईंनी खिशातून टॉर्च काढला, तो बॉनेटला अगदी आडवा धरला आणि डोळे बारीक करून पाहिलं. मग आत वळून हाक मारली, “सरनाईक! पेशंट बघायला या.”

पायजमा घातलेले एक उंच, सडसडीत गृहस्थ बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं. “डॉक्टर, जगेल का?”

“जगेल. ओरखडा नाही. नुसती वाफ धरलीय.”

“मग खिचडी आत येऊ दे,” काका म्हणाले. “याला पण.”

त्या निळ्या गाडीवरचा रंग एकोणीसशे सत्तर साली कारखान्यात बसला तो तसाच होता, हे मला आत गेल्यावर कळलं. त्यावर तोवर कुणी रुमालही ठेवला नव्हता. मी गाड्यांच्याच धंद्यात आहे, हे सांगायची त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. तसा मी धंद्यात आहे म्हणजे काय, तर सीटबेल्ट लावला नाही की स्क्रीनवरून जे ‘टिंग टिंग’ वाजतं, ते कधी वाजावं आणि कधी थांबावं याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांतला मी एक. अख्ख्या अमेरिकेला वैताग आणण्यात माझा खारीचा वाटा आहे.

डॉक्टर मालती सरनाईक भूलतज्ज्ञ होत्या. कोल्हापूरहून सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला आल्या, तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी केली आणि पुढे पस्तीसेक वर्षं माणसं झोपवली आणि उठवली. काका इंजिनिअर. त्यांचं काम गाडीतला आवाज शोधून बंद करण्याचं. “मी माणसांना गप्प करते, हा गाड्यांना,” काकू म्हणायच्या. “घरी मात्र आम्ही दोघं तोंड बंद ठेवत नाही.” ते त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे, त्या त्यांना ‘सरनाईक’. एकमेकांना नावाने हाक मारताना मी त्यांना एकदाही ऐकलं नाही.

गॅरेजमध्ये दोन गाड्या होत्या. काकांची शेवेल, तीच ती निळी, आणि काकूंचा एकोणसत्तरचा चार्जर, आमसुलाच्या रंगाचा. गाडी ही मराठीत बाई असली तरी काकू चार्जरला ‘हा’ म्हणायच्या, आणि काही दिवसांनी आपणही म्हणायला लागायचो. दोन्ही मसल कार. म्हणजे मध्यम अंगाच्या गाडीत राक्षसाचं इंजिन बसवायचं आणि ती सरळ रेषेत सोडायची, वळणाचं वळणावर बघू, असा त्या काळातला एक भाबडा आणि भयंकर प्रकार. शेवेलला चारशे चौपन्न क्यूबिक इंचांचं इंजिन, चार्जरला चारशे चाळीस. दोन्हींना हाताने टाकायचे चार गिअर. शेवेल काकांनी घेतली ती पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा. लोक असल्या गाड्या मिळेल त्या किमतीला काढून टाकत होते. तीन वर्षांनी काकूंना कायमची नोकरी लागली, आणि पहिल्या पगाराचा चेक घेऊन त्या दागिन्यांच्या दुकानाऐवजी जुन्या गाड्यांच्या लॉटवर गेल्या.

“याची बघून मला राहवेना,” त्या म्हणायच्या. “मला हिच्यापेक्षा फास्ट पाहिजे होती.”

“पाहिजे होती,” काका म्हणायचे. “मिळाली असं कोण म्हणतं?”

झालं. या दोन वाक्यांवर त्या घराचा चाळीस वर्षांचा संसार उभा होता. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं पॉटलक असो, हळदीकुंकू असो, अर्ध्या तासात विषय गॅरेजमध्ये जायचा. काका कागद काढायचे, किती हॉर्सपॉवर, किती टॉर्क. काकू म्हणायच्या, “कागदावर कुणीही पळतं. रस्त्यावर या, सरनाईक.” काका चष्मा पुसत म्हणायचे, “पुढच्या उन्हाळ्यात, डॉक्टर.” असे किती पुढचे उन्हाळे आले आणि गेले.

काकू इंजिनं स्टेथोस्कोपने तपासायच्या. ते नाटक नव्हतं. त्याचा पुढचा भाग काढून तिथे त्यांनी पितळेची एक लांब नळी बसवली होती. इंजिन चालू ठेवायच्या, नळी इथे तिथे टेकवायच्या, आणि डोळे मिटायच्या. चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही. मी एकदा विचारलं, “काकू, काय ऐकू येतं?” तर म्हणाल्या, “झोपलेला पेशंट खोटं बोलत नाही. हेही तसंच. फक्त आपण मध्ये बोलायचं नाही.” मी पुढची वीस मिनिटं मध्ये बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे.

एकदा आमच्याकडे संक्रांतीचं जेवण होतं. मी आइस्क्रीम आणायला गेलो होतो. परत येऊन दारात बूट काढतोय तोच स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “नितीन, तुझ्या व्हॅनचं पुढचं डावं बेअरिंग जातंय.” खिडकी बंद, बाहेर गुडघाभर बर्फ, आत पंचवीस माणसं तिळगूळ खात गोड बोलत होती.

“काकू, स्क्रीनवर काही वॉर्निंग नाही,” मी व्यावसायिक अभिमानाने म्हणालो.

“स्क्रीन तूच लिहितोस ना? मग बरोबर.”

तीन आठवड्यांनी हायवेवरून व्हॅन टो करून आणली तेव्हा मेकॅनिकने सांगितलं, पुढचं डावं बेअरिंग. मी घरी येऊन सांगितलं की टायरचा काहीतरी प्रॉब्लेम होता. मेघनाने तेवढ्यात समोर जाऊन काकूंना खरं काय ते सांगूनही टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे जुन्या गाड्यांची जत्रा भरते. हजारो गाड्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असतात आणि पोट सुटलेले आजोबा घडीच्या खुर्च्यांवर बसून असतात. तिथे काकू चार्जर घेऊन जायच्या, साडी नेसून. गिअर टाकताना निऱ्या आड येतात म्हणून त्यांनी त्या खास पद्धतीने वर खोचलेल्या असायच्या. एकदा एक गोरे आजोबा चार्जरभोवती दोन फेऱ्या मारून काकूंना म्हणाले, “सुंदर गाडी. तुमचे मिस्टर कुठे आहेत? इंजिनबद्दल विचारायचं होतं.”

“झोपलेत,” काकू म्हणाल्या. “मी भूल देते. मला विचारा, नाहीतर तुम्हालाही झोपवते.”

आजोबा पाऊण तास खुर्ची ओढून तिथेच बसले. जाताना त्यांनी टोपी काढून नमस्कार केला. मी हे सगळं जरा लांबून, हातात लिंबू सरबताचा ग्लास घेऊन पाहत होतो. मला क्लच दाबून गिअर टाकता येत नाही, ही गोष्ट त्या जत्रेत कुणाला कळू नये एवढीच माझी प्रार्थना होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी काका गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. आम्ही गेलो तेव्हा काकू त्यांच्या उशाशी ताठ बसल्या होत्या. मेघनाने त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, “मी झोपवलेला प्रत्येक माणूस मी उठवला. हा एकटा मला न विचारता झोपला.”

पुढच्याच हिवाळ्यात त्या ड्राइव्ह-वेवर बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. त्यांची मुलगी अंजली नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला असते. तिने तिकडे स्वतःच्या शेजारचंच एकमजली टाउनहाउस आईसाठी बघितलं. बर्फ नाही, जिने नाहीत, मराठी शेजार. अडचण एकच. गॅरेज एका गाडीचं, आणि तिथल्या सोसायटीच्या नियमात गाडी बाहेर झाकून ठेवणं बसत नव्हतं. दोनांतली एक विकावी लागणार होती.

अंजलीला त्यात प्रश्नच दिसत नव्हता. व्हिडिओ कॉलवर मी ऐकलं. “आई, ऑब्व्हिअसली बाबांची ठेव. इट्स बाबाज कार.”

“ऑब्व्हिअसली काही नसतं,” काकू म्हणाल्या. “दोघांना तपासणार. मग ठरवणार.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर हॉस्पिटलात पायाशी लावतात तसे दोन चार्ट होते, क्लिपबोर्डला लावलेले. वर नावं. एकावर शेवेल, दुसऱ्यावर चार्जर. “दोन परीक्षा,” त्या म्हणाल्या. “एक ताकदीची, एक संग्रहाची. ताकद रस्त्यावर कळते आणि संग्राहक जे मोजतात ते अस्सलपण कागदावर आणि धातूवर. सरनाईक चाळीस वर्षं टाळत आला. आता टाळायला तो नाही. तू लिहून घ्यायचंस.”

“मी? काकू, मला यातलं…”

“कळत नाही. म्हणूनच. ज्याला कळतं तो बाजू घेतो.”

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही शहराबाहेरच्या ड्रॅग स्ट्रिपवर गेलो. पाव मैलाची सरळ पट्टी, शेवटी घड्याळ. त्या दिवशी कुणीही आपली गाडी आणून पळवू शकतो. दोन्ही गाड्या ट्रेलरवरून आणल्या होत्या. रांगेत सगळी विशीतली पोरं, आणि मध्ये आमच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या काकू, डोक्यावर हेल्मेट, अंगावर सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट. गाड्या तपासणाऱ्या माणसाने ड्रायव्हर कोण म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने काकूंकडे दाखवलं. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा बोट दाखवलं.

माझ्या मनात एक गोष्ट होती, ती लपवत नाही. गाड्या दोन, पण चालवणारी एकच. पाय त्यांचा, क्लच त्यांचा. आपल्या गाडीला जरा जास्त झुकतं माप द्यायला कितीसा वेळ लागतो? शेवेलचा गिअर एक श्वास उशिरा टाकला की झालं. कुणाला कळलं असतं? मला तर नक्कीच नाही.

आधी चार्जर. दिवे पिवळे पिवळे उतरत आले, हिरवा लागला, आणि माझ्या छातीत काहीतरी खाली पडल्यासारखं झालं. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तो कानाने ऐकायचा नव्हताच, तो बरगड्यांनी ऐकायचा होता. मागची चाकं धूर काढत एकदा वाकडी झाली, काकूंनी ती सरळ केली, आणि आमसुली ठिपका पट्टीच्या टोकाला गेला. मग शेवेल. मग चार्जर, मग शेवेल, अशा तीन तीन फेऱ्या. मध्ये इंजिन थंड व्हायला वेळ देऊन, टायरची हवा तीच ठेवून. प्रत्येक वेळी काकू उतरायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, आणि दुसऱ्या गाडीत बसण्याआधी दोन्ही हात पुसायच्या, ऑपरेशन थिएटर बदलल्यासारखे.

शेवेलच्या शेवटच्या फेरीला सगळी पोरं कठड्याशी येऊन उभी राहिली होती. त्या फेरीत काकूंनी जे गिअर टाकले ते मला समजले नाहीत, पण माझ्या शेजारचा एक दाढीवाला पोरगा पुटपुटला, “डॅम. एकही सुटला नाही.” सवतीच्या लेकराला जास्त जपून न्हाऊ घालावं, तशी त्या बाईने ती गाडी चालवली.

कागदाच्या सहा चिठ्ठ्या मी चार्टला लावल्या. तिन्ही वेळा शेवेल पुढे. फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी, पण तिन्ही वेळा तोच. काकूंनी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग हेल्मेट मांडीवर घेऊन ट्रेलरच्या कडेवर बसल्या.

“लबाड,” त्या म्हणाल्या.

“कोण काकू?”

“कोण म्हणजे? त्याला माहीत होतं. आवाजावरून गाडी ओळखणारा माणूस तो, त्याला माहीत नसेल? म्हणून पुढचा उन्हाळा, पुढचा उन्हाळा.” आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाल्या, “लिही. ताकद, शेवेल. खाडाखोड करू नकोस.”

दुसऱ्या परीक्षेसाठी ऑगस्टमध्ये ग्लेन नावाचा माणूस आला. लाख दोन लाख नव्हे, त्याहून कितीतरी मोठ्या किमतीच्या जुन्या गाड्या विकत घेण्याआधी लोक या असल्या माणसांना पाठवतात. पंचावन्नचा, शांत, गुडघ्यांना पॅड बांधून आलेला. त्याने मला संग्रहाचं शास्त्र सांगितलं. गाडी जन्मली तेव्हा होती तशीच किती उरली, एवढंच बघायचं. रंग तोच का, इंजिन तेच का, कारखान्याचा कागद आहे का. इंजिनच्या एका लहानशा सपाट जागेवर नंबर ठोकलेला असतो, तो गाडीच्या नंबराशी जुळला तर ती सोन्याची. लोक तो नंबर घासून खोटा ठोकतात. पण कारखान्याच्या यंत्राने त्या जागेवर केसाएवढ्या बारीक समांतर रेघा उठवलेल्या असतात, त्या कुणाला परत काढता येत नाहीत. नंबरपेक्षा तो त्या रेघा बघतो.

आधी चार्जर. तिथे लपवण्यासारखं काही नव्हतंच. चार्जरचं मूळ इंजिन काकूंनीच एका थंडीत हायवेवर फोडलं होतं. दुसरं बसवलेलं, रंगही नवा. “छान गाडी,” ग्लेन म्हणाला, “पण इंजिन हिचं नाही. संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निम्म्याहून खाली.”

काकूंनी शांतपणे विचारलं, “मी किती हार्ट ट्रान्सप्लांटना भूल दिली असेन, सांगू? उठल्यावर त्यातल्या कुणाला कुणी म्हटलं नाही, की आता तुझी किंमत निम्मी.”

ग्लेनने वहीत पाहिलं आणि तो शेवेलकडे वळला.

रंग बघून त्याचे डोळे चमकले. मागच्या सीटखाली स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा कागदही निघाला. मग तो वाकला, टॉर्च घेऊन इंजिनच्या पुढे उजवीकडे, त्या सपाट जागेवर. आणि थांबला. बराच वेळ थांबला. उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

“मॅडम, नंबराची जागा कुणीतरी झाकली आहे. लाल थर आहे, जाड. असं लोक कधी करतात ते तुम्हाला माहीत असेल.”

मी काकूंकडे पाहिलं. आणि त्यांच्यावर रागावलेली माणसं मी पाहिली आहेत, घाबरलेली माणसं पाहिली आहेत, पण काकूंना लाजलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“कुंकू आहे,” त्या मला मराठीत म्हणाल्या. “सांग त्याला.”

“कुंकू?”

“दसऱ्याला गाडीची पूजा नको करायला? चार्जरवर मी बॉनेटला स्वस्तिक काढायची. पण सरनाईक त्याच्या रंगाला बोट लावू देईना. म्हणाला, अंधश्रद्धा बाहेर ठेवा. मग मी तो झेंडू आणायला गेला की बॉनेट उघडायची. तिथे एवढीच एक सपाट जागा दिसली, कपाळासारखी. तिथे लावायची. दर वर्षी.”

“काका गेल्यावरसुद्धा?”

“गाडी कुठे विधवा झालीय?”

आता हे मी ग्लेनला कसं समजावलं ते विचारू नका. मी म्हणालो, ही एक पवित्र पावडर आहे, कपाळाला लावतात. तो म्हणाला, कुणाच्या कपाळाला? मी म्हणालो, इंजिनच्या. त्याने काकूंकडे असं पाहिलं, की बाई, तुम्हाला दुभाषी बदलायला हवा.

पण तो प्रामाणिक माणूस होता. त्याने सॉल्व्हंटमध्ये मऊ कापड भिजवलं आणि एकेक थर उतरवायला लागला. कापड लाल होत गेलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मला वाटत होतं, खाली गंज निघाला तर? काकांची गाडी, आणि काकूंच्याच हाताने? काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, एप्रनच्या खिशात दोन्ही हात. मुठी वळलेल्या दिसत होत्या.

ग्लेनने भिंग लावलं. मग त्याने टोपी काढली आणि आम्हाला बोलावलं.

त्या एवढ्याशा जागेवर अक्षरं आणि आकडे, काल ठोकल्यासारखे. आणि त्यांच्याखाली बारीक, समांतर, एकही न तुटलेल्या रेघा, ताज्या विंचरलेल्या केसांसारख्या. आजूबाजूचं सगळं लोखंड पन्नास वर्षांचं, काळंठिक्कर. ती दोन बोटं जागा तेवढी चांदीची.

“तीस वर्षं हे काम करतोय,” ग्लेन म्हणाला. “इतकी स्वच्छ नंबराची जागा मी पाहिलेली नाही. कुठेही नाही. खाली काय लावलं होतंत?”

“मेण,” काकू म्हणाल्या. “आमच्या आईची पद्धत. आधी मेण, मग कुंकू. नाहीतर घामाने ओघळतं.”

अर्ध्या शतकाचा गंज, मीठ टाकलेल्या रस्त्यांवरचा मिशिगनचा बर्फ, तेल, उष्णता, सगळं त्या मेणावर येऊन थांबलं होतं. मी इंजिनिअर आहे. पण त्या गॅरेजमध्ये मला हात जोडावेसे वाटले, आणि कुणाला जोडायचे ते कळेना. म्हणून मी चार्ट उचलला आणि लिहिलं. अस्सलपण, शेवेल.

दोन्ही परीक्षा शेवेलने जिंकल्या होत्या. काकांची आठवण तीच होती. अंजली फोनवर म्हणाली, “सी? आय टोल्ड यू, आई.” मी मनातल्या मनात शेवेल मॉरिसव्हिलच्या गॅरेजमध्ये नेऊन उभीही केली.

“शेवेल विकायची,” काकू म्हणाल्या.

अंजली फोनवरून, “आई, व्हॉट? ती जिंकली!”

“म्हणूनच. जो बरा होतो त्याला डिस्चार्ज देतात. तिची कागदपत्रं आहेत, नंबर आहे, कुणीही घेतली तरी डोळ्यात तेल घालून जपेल. याचं काय? याचे नंबर जुळत नाहीत म्हटल्यावर लोक याला बिनधास्त कापतात. नवं इंजिन, नवे ब्रेक, आत स्क्रीन.” इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार्टकडे पाहिलं. “हरलेला पेशंट वॉर्डात राहतो, अंजू. त्याला घरी न्यायला कुणीतरी यावं लागतं.”

“पण बाबांना काय वाटलं असतं?”

काकूंनी विचार केला. “त्याला? तो म्हणाला असता, बघा, डॉक्टर, शेवटी माझी गाडी तुम्हाला परवडली नाही.”

शेवेल गेली ती बंद ट्रेलरमधून. ओहायोतल्या एका निवृत्त शाळामास्तरांनी घेतली होती, नवरा-बायको दोघं न्यायला आले होते. गाडी ट्रेलरवर काकूंनी स्वतः चढवली, किल्ल्या त्या बाईंच्या हातात दिल्या, नवऱ्याच्या नाही, आणि त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी शिकवलं. जाताना त्या बाईंच्या हातात कुंकवाची डबी आणि मेणाचा तुकडा होता.

चार्जरला ट्रेलर नको म्हणाल्या. सप्टेंबर उतरता, मॉरिसव्हिलपर्यंत सातशे मैल, वाटेत एक मुक्काम, गाडीला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग जेमतेम, वय सत्त्याहत्तर. अंजली विमानाने आली होती, आईशेजारी बसून जायला. हातात न्यायचे थर्मास, मांडीवर नकाशे, चेहऱ्यावर भूल देण्याआधीच्या पेशंटचा भाव.

सकाळी सहाला मी आणि मेघना पायजम्यात ड्राइव्ह-वेवर उभे राहिलो. काकूंनी काच खाली केली. “नितीन, ते टिंग टिंग कमी कर,” एवढंच म्हणाल्या, आणि निघाल्या. गल्लीच्या टोकाला स्टॉपची पाटी आहे. चिटपाखरू नव्हतं, तरी त्या पूर्ण थांबल्या, उजवीकडचा इंडिकेटर दिला, दोन्हीकडे पाहिलं. मग मोठ्या रस्त्याला लागल्या आणि पाय दाबला. तो आवाज गल्लीत शिरून घराघराच्या काचांना लागला. तीन घरांच्या गाड्या झोपेतून दचकून कोकलायला लागल्या. त्यातली एक आमची होती, आणि तिची किल्ली मला सापडेना. किल्ली शोधत परत बाहेर आलो तोवर आमसुली रंग दिसेनासा झाला होता. आवाज मात्र अजून येत होता. दुसरा गिअर, तिसरा, मग चौथा, एकही न चुकता.

मेघना तिथेच उभी होती, हाताची घडी घालून, रस्त्याकडे बघत. मला वाटलं, इतक्या लांबचा प्रवास, या वयात, असं काहीतरी म्हणेल. मी म्हटलं, “चहा ठेवू?”

ती म्हणाली, “आपल्या दोघांत असं एकही भांडण नाही रे, जे तू गेल्यावरसुद्धा मला पुरेल.”